झेडपीची पोरं कच्ची का दिसतात?

‘झेडपीच्या शाळेत शिकवतच नाहीत, म्हणून पोरं कच्ची राहतात,’ हे गावच्या पारावर वर्षानुवर्षं ऐकू येतं. गुणांत फरक दिसतो, हे खरं. पण तो सगळा शाळेच्या माथी मारणं चूक आहे.

पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरी बहुधा शिकलेली आई असते, शिकवणीला पैसे असतात. बीडमधली ऊसतोड कामगाराची सहावीतली मुलगी दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर फडावर जाते. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, पाणी भरते, धाकट्याला सांभाळते. परतते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर! गुण मात्र शाळेच्या खात्यात.

आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षं याची नीट पडताळणी झाली. सोडत काढून सरकारी प्राथमिक शाळांतल्या काही मुलांना खासगी शाळेत जायला पैसे दिले. तेलुगू आणि गणितात ती सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांच्या पुढे गेली नाहीत. हिंदीत गेली, कारण सरकारी प्राथमिक शाळांत तो विषयच नव्हता. अर्थात, खासगी शाळांनी हे बऱ्याच कमी खर्चात केलं, हेही झाकून ठेवायला नको.