आर्मर क्लास: मूळ आकडा कुठला, वरची भर कुठली

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत आर्मर क्लासवरून (एसी, म्हणजे हल्ला लागण्यासाठी शत्रूच्या फाशाच्या बेरजेने गाठायचा आकडा) टेबलावर जे वाद होतात त्यांतले बरेचसे एकाच घोळातून निघतात. संरक्षण देणारी जादू दोन प्रकारची असते आणि खेळाडू दोन्हींना सरसकट ‘बोनस’ म्हणून मोकळे होतात. पहिला प्रकार एसीचा मूळ आकडा कसा काढायचा ते ठरवतो. दुसरा त्या आकड्यावर भर घालतो. मूळ आकडा एका वेळी एकच धरायचा. भर मात्र चार ठिकाणांहून आली तरी चालते.

मेज आर्मर हा पहिल्या प्रकारातला मंत्र. चिलखत नसलेल्या पात्राचा एसी १० अधिक डेक्सटेरिटीचा (चपळाईचा) मॉडिफायर, म्हणजे त्या गुणावरून निघणारा छोटा आकडा, एवढा असतो. मेज आर्मर टाकला की ८ तासांसाठी त्या १०च्या जागी १३ येतात. साध्या विझर्डच्या, म्हणजे जादूगार पात्राच्या, बाबतीत ‘+३’ समजून बेरीज केली तरी उत्तर बरोबरच येतं, आणि म्हणूनच चुकीची सवय लागते. ती उघडी पडते बार्बेरियन या योद्ध्याच्या वेळी, कारण त्याचं स्वतःचं सूत्र कॉन्स्टिट्यूशनही (काटकपणाही) धरतं. डेक्सटेरिटी १४ (+२) आणि कॉन्स्टिट्यूशन १६ (+३) असलेल्या बार्बेरियनचा चिलखताशिवायचा एसी १० + २ + ३ = १५. विझर्डने त्याच्यावर मेज आर्मर टाकला तर तो १८ होत नाही. १३ + २ हेही १५च. हाती आलेली ही दोन वेगळी सूत्रं आहेत आणि खेळाडूने त्यातलं एक निवडायचं. म्हणजे स्लॉट, मंत्र टाकायची मोजकी संधी, वाया.

माँकचं तसंच. डेक्सटेरिटी १८ आणि विस्डम १६ असेल तर त्याचं स्वतःचं सूत्र १० + ४ + ३ = १७ देतं, मेज आर्मरही १३ + ४ = १७च देतं. ड्रॅगनच्या रक्ताच्या सॉर्सररला २०१४च्या नियमांत जन्मतःच १३ अधिक डेक्सटेरिटी मिळते, त्यामुळे त्याने मेज आर्मर शिकण्यात काहीच अर्थ नाही. (२०२४च्या नियमांत हे सूत्र १० + डेक्सटेरिटी + करिश्मा असं झालं, तिथे मात्र आकडे बघून ठरवावं.) रोब ऑफ द आर्कमेजाय हा झगाही १५ अधिक डेक्सटेरिटी असं सूत्रच देतो, तो मेज आर्मरवर चढत नाही. प्लेट चिलखताचे १८ हादेखील मूळ आकडाच, आणि कुठलंही चिलखत अंगात घातलं की मेज आर्मर तिथल्या तिथे संपतो.

आता भर. ढालीचे +२, रिंग ऑफ प्रोटेक्शनचा +१, क्लोक ऑफ प्रोटेक्शनचा +१, शील्ड ऑफ फेथचे +२, हेस्टचे +२, शील्ड मंत्राचे +५. ही सगळी नावं वेगळी आहेत, म्हणून ती एकमेकांवर निर्धास्त चढतात. डेक्सटेरिटी १६ असलेला विझर्ड घ्या. मेज आर्मरने १६, रिंगने १७, क्लोकने १८. ब्रेसर्स ऑफ डिफेन्स असतील तर २०; चिलखत आणि ढाल नसणं एवढीच त्यांची अट आणि मेज आर्मर हे चिलखत धरलं जात नाही. क्लेरिकने शील्ड ऑफ फेथ टाकला की २२. त्यातूनही हल्ला लागलाच, तर रिअ‍ॅक्शन म्हणून, म्हणजे शत्रूच्या पाळीतच, शील्ड मंत्र टाकून आपली पुढची पाळी सुरू होईपर्यंत २७.

या +५ची किंमत फाशांत मोजून बघावी. हल्ल्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर +७ मिळवणाऱ्या शत्रूला एसी १६ गाठायला ९ किंवा जास्त पडावे लागतात, म्हणजे ६० टक्के वेळा तो लागतो. एसी २१ झाला की १४ लागतात आणि तेच प्रमाण ३५ टक्क्यांवर येतं. पहिल्या पातळीच्या एका स्लॉटमध्ये याहून चांगला सौदा मला तरी दिसत नाही. मात्र डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) हल्ल्याची एकूण बेरीज सांगायची पद्धत ठेवली आहे का, हे आधी विचारून घ्यावं. शत्रूची बेरीज २४ असेल आणि आपला एसी १६, तर शील्ड टाकून तो हल्ला टळणार नाही.

भरीला मर्यादा आहेत, पण त्या वेगळ्या वाटेने येतात. एकच मंत्र दोनदा टाकला तर बेरीज होत नाही. दोन क्लेरिकांनी एकाच पॅलाडिनवर शील्ड ऑफ फेथ टाकला तरी +२च. फायदा इतकाच, की एकाचं कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवणारी एकाग्रता; ती एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येते) तुटलं तर दुसऱ्याचा मंत्र चालू राहतो. अट्यूनमेंट, म्हणजे जादुई वस्तूशी जुळवून घेणं, तीनच वस्तूंशी होते आणि एकाच प्रकारच्या दोन वस्तूंशी होत नाही, त्यामुळे दोन हातांत दोन रिंग ऑफ प्रोटेक्शन हा बेत बसत नाही. वरच्या उदाहरणातल्या विझर्डने रिंग, क्लोक आणि ब्रेसर्समध्ये तिन्ही जागा भरल्या आहेत, हेही ध्यानात घ्यावं. शील्ड ऑफ फेथ आणि हेस्ट दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणून ते दोन वेगळ्या जणांनी टाकावे लागतात. हेस्ट टाकणाऱ्याला मार बसून कॉन्सन्ट्रेशन तुटलं तर +२ जातातच, शिवाय हेस्टखालचा लढवय्या पुढची पूर्ण पाळी जागेवर थिजतो. फक्त एसीसाठी हेस्ट टाकू नये.

शील्ड मंत्र आणि हातातली ढाल यांची बेरीज होते का, हा प्रश्न वारंवार येतो. होते, दोन्ही भरच आहेत. अडचण हातांची आहे. शील्ड मंत्राला हाताची खूण करावी लागते, म्हणून एका हातात तलवार आणि दुसऱ्यात ढाल असेल तर तो टाकता येत नाही. वॉर कास्टर हे फीट (पात्रासाठी निवडायचं खास कसब) घेतलं की ही अट सुटते.

बार्कस्किन या दोन्ही खणांत नीट बसत नाही. तो सूत्र देत नाही, भरही घालत नाही. एसी एका आकड्याच्या खाली जाऊ देत नाही. २०१४मध्ये तो आकडा १६ होता, २०२४मध्ये १७. पण तुलना होते ती सगळी भर धरून आलेल्या एसीशी. हाइड चिलखताचे १२, डेक्सटेरिटीचे २ आणि ढालीचे २ मिळून ज्या ड्रुइडचा एसी आधीच १६ आहे, त्याला जुन्या बार्कस्किनने काहीही मिळत नाही, उलट तासभर कॉन्सन्ट्रेशन अडकतं. ‘१६ वर ढालीचे २’ अशी बेरीज इथे चालत नाही. २०२४मध्ये कॉन्सन्ट्रेशनची अट काढली, तेव्हा कुठे हा मंत्र वापरण्याजोगा झाला.

पात्राच्या कागदावर एसीचा एकच आकडा लिहिण्यापेक्षा मूळ आकडा आणि भर वेगळ्या ओळींत लिहावी, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो किती वेळ टिकतो तेही. शील्ड ऑफ फेथची १० मिनिटं आणि मेज आर्मरचे ८ तास एका आकड्यात मिसळले, की मंत्र संपल्यावर नेमकं काय वजा करायचं ते भर लढाईत आठवत नाही.

जुन्या आवृत्त्यांतून आलेल्या खेळाडूंची चूक उलट दिशेने होते. २००३ची ३.५ आवृत्ती आणि २००९चा पाथफाइंडर हा दुसरा खेळ यांत मेज आर्मर खरोखरच +४ची भर आहे. पण तिथे प्रत्येक भरीला प्रकार असतो आणि एका प्रकारातली फक्त सर्वांत मोठी भर धरतात. मेज आर्मर आणि चेन शर्ट दोघेही आर्मर प्रकारचे +४ देतात, म्हणून मिळून +४च. फक्त देहहीन भुतांच्या स्पर्शासमोर चेन शर्ट निकामी ठरतो आणि मेज आर्मर टिकतो. शील्ड मंत्र आणि ढाल यांचाही प्रकार एकच, त्यामुळे तिथे बेरीज नाही. रिंग ऑफ प्रोटेक्शन आणि शील्ड ऑफ फेथ दोन्ही डिफ्लेक्शन प्रकारचे, पुन्हा बेरीज नाही. डॉज प्रकारच्या भरी तेवढ्या एकमेकांवर चढतात. हे अंगवळणी पडलेला खेळाडू पाचव्या आवृत्तीत अंगठी घातल्यावर शील्ड ऑफ फेथ नाकारतो आणि हक्काचे +२ सोडून देतो. या आवृत्तीत दोन्ही मिळून +३ होतात.

२०१९च्या पाथफाइंडर दुसऱ्या आवृत्तीत भरीचे प्रकार तीनच उरले: आयटम, स्टेटस आणि सर्कमस्टन्स. चिलखत आयटम प्रकारात मोडतं, ढाल सर्कमस्टन्स प्रकारात. शील्ड या कँट्रिपचा (स्लॉट न लागणाऱ्या साध्या मंत्राचा) +१ही सर्कमस्टन्सच, म्हणून उचललेल्या ढालीच्या +२वर तो चढत नाही. आणि ढाल दर पाळीला एक अ‍ॅक्शन खर्चून उचलावी लागते. नुसती हातात धरलेली ढाल तिथे एसीत मोजत नाहीत.