चढावर बिया नेणारा पक्षी

पिकलेलं फळ पडतं ते खाली. पावसाचं पाणी त्याला वाहून नेतं तेही खालीच, ओहोळातून ओढ्यात आणि ओढ्यातून समुद्राकडे. मग ज्यांच्या बियांना ना पंख असतात ना कापूस, अशी लिंबाएवढ्या फळांची झाडं डोंगराच्या वरच्या अंगाला पोचली कशी? हा प्रश्न मनात घेऊन ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या डेन्ट्रीच्या जंगलात गेलं, तर सुट्टी पुरत नाही.

क्वीन्सलँडमधल्या केर्न्सहून उत्तरेला निघालं की डेन्ट्री नदी आडवी येते. पूल नाही. पोलादी दोराच्या आधाराने चालणाऱ्या फेरीबोटीवर गाडी चढवायची आणि पलीकडे जायचं. पुढे डोंगर जवळजवळ थेट समुद्रात उतरतात. इथल्या एका भूशिराला १७७० मध्ये कॅप्टन कुकने केप ट्रिब्युलेशन, म्हणजे संकटाचं टोक, असं नाव दिलं, कारण याच भागात त्याचं जहाज प्रवाळावर आपटलं. त्याच्या हजारो वर्षं आधीपासून इथे राहणारे कुकू यलांजी लोक त्या जागेला कुलकी म्हणतात. २०२१ मध्ये डेन्ट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी त्यांच्याकडे परत आली.

सह्याद्री जसा अरबी समुद्रावरून आलेले वारे अडवतो, तसे हे डोंगर पूर्वेकडून, कोरल समुद्रावरून येणारे वारे अडवतात. केर्न्सच्या दक्षिणेला बेलेंडन केर शिखरावर वर्षाला सरासरी ८,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या किनाऱ्यावर प्रवाळ असावं, हेच मला सर्वांत नवलाचं वाटतं. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात. ती उन्हावर अन्न बनवतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी गढूळ झालं की ऊन अडतं, गाळ बसला की प्रवाळ गुदमरतं. तरीही केप ट्रिब्युलेशनला ओहोटीच्या वेळी जंगलाच्या कडेपासून थोड्याच अंतरावर प्रवाळ दिसतं. डोंगरावरची माती मुळांनी धरून ठेवलेली असते. जी थोडी निसटते, तिच्यातली बरीचशी खाडीच्या तोंडाशी खारफुटीत अडकते. ग्रेट बॅरिअर रीफ ही इथली प्रवाळरांग १९८१ मध्ये आणि हे वर्षावन १९८८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. यादीत नोंदी दोन असल्या तरी किनाऱ्यावर उभं राहिलं की त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

आता तो मूळ प्रश्न. त्याचं उत्तर दोन पायांवर चालतं.

कॅसोवरी हा न उडणारा पक्षी माणसाएवढा उंच होऊ शकतो. काळी, केसांसारखी पिसं, निळी मान, गळ्याशी लोंबणारे कातडीचे लाल पदर आणि डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा. मादी नरापेक्षा मोठी असते आणि तिचं वजन सत्तर किलोच्या पुढे जाऊ शकतं. हिरवी अंडी घालून ती निघून जाते. साधारण पन्नास दिवस ती उबवतो नर, आणि पुढे जवळपास नऊ महिने पट्टेरी पिल्लांना घेऊन हिंडतोही तोच.

खाणं मुख्यतः फळं, आणि तीही सबंध गिळायची. आतडं आखूड असल्यामुळे गर पचतो आणि बिया जवळजवळ धक्का न लागता बाहेर पडतात. एव्हाना पक्षी ओढा ओलांडून, चढ चढून, कधी किलोमीटरभर दूर गेलेला असतो. लहान बिया नेणारे पक्षी आणि वटवाघळं इथे पुष्कळ आहेत. पण थोराड फळं पोटात घालून एवढ्या लांब नेणारा दुसरा वाहक या जंगलात नाही. रिपारोसा नावाच्या इथल्या एका दुर्मीळ झाडावर झालेला प्रयोग बोलका आहे. नुसत्या बिया पेरल्या तेव्हा शंभरांतल्या चारच रुजल्या, आणि कॅसोवरीच्या पोटातून आलेल्या बिया पेरल्या तेव्हा ९२. त्या झाडाचं शास्त्रीय नाव ‘कुरांजी’ या कुकू यलांजी शब्दावरून आलं आहे, आणि त्या शब्दाचा अर्थच कॅसोवरी.

वाटेत गडद निळी, गोट्यांसारखी फळं पडलेली दिसली तर एक उचलून निरखावं. हे ब्लू क्वांडाँग, आपल्या रुद्राक्षाच्याच प्रजातीगटातलं. बी फोडून पाहायची गरज नाही, तिच्यावरच्या खोल खाचा पाहताच नातं पटतं. त्याचा निळा रंग रंगद्रव्याचा नाही. सालीतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होतो आणि नेमका निळाच आपल्या डोळ्यांपर्यंत येतो, मोरपिसात घडतं तसंच काहीसं. कॅसोवरीचं हे आवडतं फळ.

या पक्ष्याला खाऊ घालणं कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. खाण्याच्या ओढीने तो रस्त्यावर येतो आणि गाड्यांखाली मरतो. शिवाय त्याच्या आतल्या बोटाची नखी खंजिरासारखी असते. समोर आलाच तर पळू नये. पाठीवरची पिशवी पुढे धरावी, झाड मध्ये घ्यावं आणि सावकाश मागे सरावं. बाकी सूचनाही पाळण्यासारख्याच: खाडीच्या पाण्यात मगरी असतात, साधारण नोव्हेंबर ते मे समुद्रात विषारी बॉक्स जेलीफिश असतात, आणि हृदयाच्या आकाराच्या लवदार पानांना हात लावू नये. गिंपी-गिंपी या झुडपाची काचेसारखी लव कातडीत घुसली तर वेदना महिनोन्‌महिने परतत राहते.

कॅसोवरी दिसेलच असं नाही. त्याचा हुंकार २३ हर्ट्झपर्यंत खाली जातो. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून ऐकू लागतो, त्यामुळे हा आवाज कानापेक्षा छातीतच जास्त जाणवतो. पण त्याचा माग मात्र सापडतो: ओल्या मातीत तीन बोटांचा ठसा, आणि पायवाटेच्या कडेला जांभळट, बियांनी खच्चून भरलेला विष्ठेचा ढीग. तिथे खाली बसावं. ढीग जुना असेल तर काही बियांची टरफलं फुटलेली असतात, आणि उताराच्या वरच्या अंगाला, आईझाडापासून कितीतरी दूर, दोन-तीन फिकट कोंब उभे असतात.