घटप्रभा–मलप्रभा खोऱ्यांतील आदिमानव

घटप्रभा आणि मलप्रभा या कृष्णेच्या उपनद्या बेळगाव आणि त्याच्या पूर्वेकडील बागलकोट या जिल्ह्यांतून वाहतात. त्यांच्या काठी पुराश्मयुगात, म्हणजे जुन्या दगडी युगात, वावरलेल्या मानवसमूहांचा विचार या नोंदीत केला आहे. या खोऱ्यांत त्या काळातील माणसाचे एकही हाड मिळालेले नाही. मिळाली आहेत ती त्याने घडवलेली दगडी हत्यारे. त्यामुळे त्याचे शरीर, हात आणि मेंदू यांविषयीचे येथील सर्व ज्ञान दगडावरून आणि अन्यत्र मिळालेल्या जीवाश्मांशी तुलना करून मिळवलेले आहे.

या प्रदेशातील आदिमानवाचा अभ्यास खडकापासून सुरू करावा लागतो. बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर व पश्चिम भागांत सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण आहे आणि घाटाकडे त्यावर जांभ्याचे थर आहेत. पूर्वेकडे गोकाकच्या बाजूला मात्र त्याहून कितीतरी जुना, ‘कलादगी’ या नावाने ओळखला जाणारा वालुकाश्म आणि क्वार्टझाइट उघडा पडतो. गोकाकचा सुमारे 52 मीटर उंचीचा धबधबा याच खडकाच्या कड्यावरून कोसळतो. क्वार्टझाइट कठीण असून घाव बसताच शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठभागाने फुटतो, त्याला तीक्ष्ण धार येते आणि ती लाखो वर्षे टिकते. काळ्या पाषाणाचीही हत्यारे होत असत, आणि प्रवरेकाठचे चिरकी-नेवासे हे स्थळ त्याचा चांगला पुरावा आहे. पण हा दगड हवापाण्याने लवकर झिजतो व त्यावरील घावांच्या खुणा पुसट होतात. पूर्वेकडील क्वार्टझाइटच्या पट्ट्यात हत्यारांचा पुरावा अधिक ठळक दिसतो, याचे एक मोठे कारण दगडाच्या या गुणातच आहे.

येथील संशोधनाचा पाया भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट (1834–1912) यांनी घातला. मद्रासजवळच्या पल्लावरम येथे 1863 मध्ये त्यांना पुराश्मयुगीन हत्यार सापडले आणि भारतातील प्रागितिहासाच्या अभ्यासाला तेथून सुरुवात झाली. पुढे त्यांनी आजच्या बेळगाव, धारवाड व विजापूर भागांची भूवैज्ञानिक पाहणी केली आणि तिचा वृत्तांत 1876 मध्ये ‘साउथ मराठा कंट्री’ या नावाखाली प्रसिद्ध झाला. गोकाकजवळ चिकदौली येथील नाल्यात मिळालेल्या गेंड्याच्या जीवाश्मांचे वर्णन त्यांनी 1874 मध्ये केले व त्या प्राण्याला दख्खनवरून नाव दिले. आज जेथे ऊस आणि ज्वारीची शेते आहेत, तेथे एके काळी गेंडे चरण्याइतके गवत आणि पाणथळ जमीन होती, हे त्या हाडांमुळे कळले. विसाव्या शतकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी हे काम पुढे नेले. रा. वि. जोशी यांचा मलप्रभा खोऱ्यावरील ग्रंथ 1955 मध्ये, तर आर. एस. पप्पू यांचा वरच्या कृष्णा खोऱ्यावरील ग्रंथ 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. मलप्रभेकाठचे ख्याड आणि घटप्रभेकाठचे अनगवाडी ही या अभ्यासातून पुढे आलेली महत्त्वाची स्थळे असून, दोन्ही आज बागलकोट जिल्ह्यात मोडतात.

येथील सर्वांत जुनी हत्यारे अ‍ॅश्यूलियन परंपरेतील आहेत. हातकुऱ्हाड आणि फरशी (रुंद धारेचे, इंग्रजीत ‘क्लीव्हर’ म्हटले जाणारे हत्यार) ही तिची ओळखीची हत्यारे. मोठ्या गोट्यावर दुसऱ्या जड दगडाने नेमक्या कोनात घाव घालून आधी तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा छिलका काढला जाई. मग त्याच्या दोन्ही बाजू तासून बदामाच्या आकाराची हातकुऱ्हाड घडवली जाई. फरशीची गोष्ट याहून अधिक विचार करण्यासारखी आहे. तिची धार नंतर तासून काढलेली नसते. छिलका गोट्यापासून सुटतानाच जी सलग कड तयार होते, तीच तिची पाती. म्हणजे घाव घालण्याआधीच गोट्याला योग्य रूप देऊन, अजून अस्तित्वात नसलेली धार कोठे येईल हे कारागिराला ठरवावे लागे. ज्याने हे केले, त्याच्या मनात पुढचा टप्पा स्पष्ट होता, हे मान्य करावेच लागते. आणि फरशीसारखा साधा दिसणारा दगड मानवी बुद्धीच्या इतिहासात इतका मोलाचा ठरतो तो यामुळेच.

असे काम करणारा हातही तसा घडलेला हवा. आधुनिक माणसाच्या तळहातातील मधल्या बोटाच्या हाडाला मनगटाकडील टोकाशी एक छोटा उंचवटा असतो. जोरदार पकडीच्या वेळी तो सांध्याला स्थिर ठेवतो, असे मानले जाते. वानरांत तो नसतो. केनियात मिळालेल्या सुमारे 14 लाख वर्षांपूर्वीच्या हाडात मात्र तो दिसतो. अ‍ॅश्यूलियन हत्यारे आफ्रिकेत सुमारे 17 लाख 60 हजार वर्षांपूर्वीपासून आढळतात, आणि ती घडवणाऱ्यांत होमो इरेक्टस या प्राचीन मानवी जातीचा प्रमुख वाटा मानला जातो. या जातीच्या कवटीची धारकता साधारण 600 ते 1,100 घन सेंटिमीटर होती; आजच्या माणसाची सरासरी सुमारे 1,350 आहे.

दक्षिण भारतात ही परंपरा किती जुनी आहे, याचे उत्तर शेजारच्या स्थळांनी दिले. कृष्णा खोऱ्यातच, यादगीर जिल्ह्यातील इसामपूर येथे चुनखडकापासून हत्यारे घडवण्याची जागा उजेडात आली. तेथे मिळालेल्या प्राण्यांच्या दातांवरून तिचा काळ सुमारे 12 लाख वर्षांपूर्वीचा ठरला. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील हत्यारे सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची आहेत. हत्यारांशेजारी माणसाचा अवशेष मात्र या दोन्ही ठिकाणी नाही. भारतातील पुराश्मयुगीन माणसाचा सर्वांत महत्त्वाचा अवशेष म्हणजे अरुण सोनकिया यांना 1982 मध्ये नर्मदेकाठी हथनोरा येथे मिळालेली अर्धवट कवटी. ती प्रथम होमो इरेक्टसची मानली गेली. पुढे अनेक अभ्यासकांनी तिला अधिक विकसित मानवाची ठरवले. त्यामुळे घटप्रभेकाठची प्रत्येक हातकुऱ्हाड एकाच जातीच्या नावावर लिहून टाकणे योग्य नाही.

हाडे का टिकली नाहीत, याचे कारण बऱ्याच अंशी जमिनीत आहे. घाटाकडील पावसाळी, जांभ्याच्या आम्ल मातीत हाड विरघळते आणि नदीच्या जाड गोट्यांत ते चुरडले जाते. चुनखडीचे खडे असलेल्या चिकणमातीत ते टिकू शकते. अभ्यासकांनी अशा थरांकडे अधिक बारकाईने पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

मध्य पुराश्मयुगात हत्यारे लहान झाली. जाड क्वार्टझाइटऐवजी चर्टसारखे बारीक पोताचे दगड निवडले जाऊ लागले आणि छिलक्यांपासून तासण्या व टोकदार हत्यारे बनू लागली. त्यानंतर येथे आलेला आधुनिक मानव, म्हणजे होमो सेपियन्स, आफ्रिकेत सुमारे 3 लाख वर्षांपूर्वी आकाराला आला आणि पुढे आशियात पसरला. आजच्या मराठी आणि कन्नड भाषकांचे पूर्वज प्रामुख्याने याच मानवाच्या वंशातले आहेत. ख्याड-अनगवाडीच्या हातकुऱ्हाडी घडवणारे त्याहून फार जुने, त्यामुळे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या कोणत्याही एका समाजाला त्यांच्यावर पूर्वज म्हणून वेगळा हक्क सांगता येत नाही.

ही हत्यारे मुख्यतः काळ्या मातीखालच्या दगडगोट्यांच्या थरांत असतात आणि नदीने कापलेल्या दरडींत किंवा नाल्यांच्या काठांवर उघडी पडतात. हत्याराचा काळ ते ज्या थरात रुतलेले असते त्या थरावरून ठरतो. थरातून निघून पात्रात वाहून आलेल्या दगडाचा आकार सांगता येतो, वय सांगता येत नाही.