‘वीरुस’चे अनेकवचन

‘कॅक्टस’चे ‘कॅक्टाय’ आणि ‘फंगस’चे ‘फंजाय’ होते, तेव्हा ‘व्हायरस’चे ‘व्हायराय’ झालेच पाहिजे, असा युक्तिवाद सुशिक्षित माणसेही करतात. पण पहिली दोन लॅटिन नामे पुल्लिंगी आहेत आणि ‘व्हायरस’चे लॅटिन मूळ ‘वीरुस’ नपुंसकलिंगी; नपुंसकलिंगी नामांचे अनेकवचन असे होत नाही. त्याच्या गणातील, म्हणजे त्याच पद्धतीने चालणाऱ्या, ‘-उस’ने संपणाऱ्या नामांत नपुंसकलिंगी अशी तीनच गणली जातात: ‘वीरुस’, ‘पेलागुस’ म्हणजे समुद्र आणि ‘वुल्गुस’ म्हणजे सामान्य जन. संस्कृत ‘फलम्’प्रमाणे त्याची प्रथमा आणि द्वितीया एकच, षष्ठी ‘वीरी’, चतुर्थी व पंचमी ‘वीरो’. अनेकवचन अभिजात लॅटिन वाङ्मयात आढळतच नाही, कारण विष, बुळबुळीत स्राव, उग्र दर्प हे त्याचे अर्थ मोजण्याजोगे नव्हते. ऱ्हस्व इकाराचे ‘विरी’ मात्र आहे. त्याचा अर्थ ‘पुरुष’, आणि आपला ‘वीर’ त्याच कुळातला.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील केल्सुस हा वैद्यकाचा लेखक सांगतो, की चावलेले कुत्रे पिसाळलेले असेल तर तुंबडी लावून त्याचे ‘वीरुस’ ओढून काढावे. येथे विषच अभिप्रेत आहे. बायरिंक या डच शास्त्रज्ञाने 1898 मध्ये तंबाखूच्या रोगासंदर्भात हा शब्द वापरला, तेव्हा तो आजच्या अर्थाकडे वळू लागला.

‘वीरुस’ आणि ‘विष’ यांचे मूळ एकच आहे. मुळात तेथे ‘स’ होता. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मधल्या ‘स’चा आधी घोष उच्चार झाला, इंग्रजी ‘रोझ’मधल्या ‘झ’सारखा, आणि पुढे जिभेचे टोक थोडे सैल पडताच त्याचा ‘र’ झाला. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात पापिसियुस घराण्यातील माणसे स्वतःला पापिरियुस म्हणवू लागली, अशी नोंद सिसेरो या रोमन वक्त्याने एका पत्रात केली आहे. संस्कृतमध्ये ‘इ’नंतरचा तोच ‘स’ मूर्धन्य होऊन ‘ष’ झाला. म्हणजे मूळ वर्ण दोघींनीही बदलला, फक्त वेगवेगळ्या दिशांनी.

‘लॅटिन संस्कृतातूनच निघाली’ हा समाजमाध्यमांवरचा लाडका दावा येथे कोलमडतो. वेदातील ‘जनस्’ म्हणजे कुळ, त्याची षष्ठी ‘जनसः’, तर त्याच मुळाच्या लॅटिन ‘गेनुस’ची ‘गेनेरिस’. या जोडीत जुना ‘स’ संस्कृतने राखला, पण त्याहून जुना ‘ग’ लॅटिनने, आणि संस्कृतात ‘ज’ होऊन गेलेल्या वर्णापासून तो परत निघण्याची वाट ध्वनिशास्त्राला ठाऊक नाही.