बचाव की तोफा: ‘स्टॉर्मवर्क्स’बद्दलच्या मतभेदांची पार्श्वभूमी

‘स्टॉर्मवर्क्स: बिल्ड अँड रेस्क्यू’ या बोटी बांधून बचावकार्य करायच्या कॉम्प्युटर गेमबद्दल खेळाडूंची मतं ओळीने वाचत गेलं, तर हे सगळे एकाच गेमबद्दल बोलताहेत यावर विश्वास बसत नाही. शेकडो तास खेळलेला माणूस अंगठा खाली करतो. ज्याची पहिली बोट धक्क्यालाच बुडाली, तो मात्र वर करतो. एकाला यात बचावच उरला नाही असं वाटतं, तर दुसऱ्याला बचाव आहे हेच ठाऊक नसतं. या भांडणाचं खापर बहुतेक जण 2021 मध्ये आलेल्या शस्त्रांवर फोडतात. ते बरंचसं खरं आहे, पण मूळ त्याआधीचं आहे.

जहाजांच्या सिम्युलेशन गेममध्ये बचावकार्य बराच काळ तोंडी लावण्यापुरतं होतं. 2006 पासून आलेल्या डच ‘शिप सिम्युलेटर’ मालिकेचा गाभा होता तो मोठी जहाजं बंदरात नेऊन लावणं. 2010 च्या ‘शिप सिम्युलेटर एक्स्ट्रीम्स’मध्ये वादळं आली, ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या जहाजांवरच्या मोहिमा आल्या, मधूनअधून कुणाला तरी वाचवायचंही आलं. पण जहाज आयतं, मार्ग आखलेला आणि बुडणारा माणूस म्हणजे पाण्यावरची एक खूण. तिच्याजवळ जाऊन वेग कमी केला की काम झालं.

पूर्णपणे बचावाला वाहिलेला गेम जर्मनीतून आला. ‘शिप सिम्युलेटर: मेरिटाइम सर्च अँड रेस्क्यू’ हा 2014 च्या सुमारास जगभर विकला जाऊ लागला. तिथल्या समुद्री बचाव संस्थेच्या सहकार्याने तो बनवलेला होता. ही संस्था 1865 पासून देणग्यांवर चालते, सरकारी कराचा पैसा घेत नाही, आणि तिच्या मोठ्या बचावनौकांची एक खासियत आहे: नौकेच्या मागच्या उतारावर एक छोटी बोट ठेवलेली असते. उथळ पाण्यात मोठी नौका शिरू शकत नाही, तिथे ही छोटी बोट मागच्या मागे पाण्यात सोडतात. ही पद्धत 1957 पासूनची आहे. उत्तर समुद्राच्या जर्मन किनाऱ्याला ओहोटीच्या वेळी मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो, त्यामुळे तिथे ही चैन नसून गरज आहे. गेमबद्दलची मतं मात्र ठरावीक साच्यातली: नौका अस्सल, वातावरण छान, पण मोहिमा मोजक्याच. त्या संपल्या की गेम संपला. दुसऱ्यांदा खेळताना अपघात कुठे होणार हे आधीच माहीत असतं, आणि ज्याचं ठिकाण माहीत आहे त्याचा शोध कसला घेणार!

ही उणीव मनात असलेल्या लोकांसमोर फेब्रुवारी 2018 मध्ये ‘स्टॉर्मवर्क्स’ अर्धवट अवस्थेत, म्हणजे अर्ली ॲक्सेसमध्ये आला. ब्रिटनमधल्या एका छोट्या चमूचं हे काम. कल्पना अशी की तुम्ही तटरक्षक आहात, बोट तुम्हीच बांधायची आणि संकट कुठे येईल ते गेम ठरवणार. सुरुवातीला दर आठवड्याला नवा अपडेट येई. त्या काळात आलेल्या खेळाडूंच्या मनात जो गेम घर करून बसला, त्याच्याशीच ते पुढचं सगळं ताडून पाहतात.

इथे बांधणीचा तपशील सांगणं भाग आहे, कारण निम्मी नाराजी तिथूनच निघते. बोट चौकोनी ठोकळ्यांची बनते, एक ठोकळा पाव मीटरचा. तरंगण्याची ताकद ठोकळ्यांत नसते. चहूबाजूंनी बंद केलेल्या पोकळीतल्या हवेत असते. त्यामुळे एका कोपऱ्यात उतरता ठोकळा चुकीच्या तोंडाने बसला, तर बाहेरून अखंड दिसणारी बोट पाण्यात सोडताच भरू लागते. दुसरी हमखास चूक फिरत्या भागांची. बिजागरी किंवा पिस्टनवर बसवलेला भाग गेमच्या दृष्टीने वेगळं शरीर असतो. तो डोळ्यांना कितीही घट्ट बसलेला दिसो, पाणी अडवत नाही. घरगुती बनावटीचा उघडझाप करणारा रॅम्प बसवून आतली जागा कोरडी राहील असं गृहीत धरणाऱ्यांच्या बोटी याच कारणाने बुडतात. पाणी अडवायचं तर गेममधले तयार जलरोधक दरवाजे लावायचे किंवा रॅम्पच्या आत दुसरी बंद भिंत घ्यायची. बोटीच्या पोटाचे तीन-चार कप्पे करून प्रत्येकात उपसा पंप बसवला, तर एक कप्पा फुटला तरी बोट घरी येते.

इंजिनाचंही तसंच. इंधन, हवा, धूर जायची वाट आणि थंड पाणी ही चारही जोडणी हवीत. हवा घेणारं तोंड पाण्याच्या पातळीजवळ ठेवलं, तर शांत समुद्रात काही बिघडत नाही. पहिल्या मोठ्या लाटेला पाणी आत जातं आणि इंजिन ऐन वेळी गप्प होतं. गिअर पडताना क्लच एकदम जोडला, तर फेऱ्या घसरून ते बंद पडतं. म्हणून जाणते लोक क्लच फेऱ्यांच्या आकड्याला बांधतात, फेऱ्या चढतील तसा तो हळूहळू धरतो. थंड पाण्याची नळी विसरली तर तापमान चढत जाऊन इंजिनघरात आग लागते. वाचवायला निघालेल्या बोटीलाच मग वाचवावं लागतं.

आता याला स्टीमच्या, म्हणजे हा गेम जिथे विकला जातो त्या ऑनलाइन दुकानाच्या, नियमांची जोड द्या. जून 2015 पासून स्टीमवर विकत घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर पैसे परत मिळतात. ‘स्टॉर्मवर्क्स’मध्ये दोन तासांत नवखा माणूस स्वतःची बोट धक्क्यावरून जेमतेम हलवतो. ज्याला बचाव करायचाय, त्याने तोवर एकही माणूस वाचवलेला नसतो. ज्याला बांधायची हौस आहे, तो मात्र तेवढ्यात अडकलेला असतो. म्हणजे मागे राहून शेकडो तास खेळणाऱ्यांमध्ये बांधणाऱ्यांचं पारडं सुरुवातीपासूनच जड होत गेलं. स्टीमचं मोजमाप फक्त अंगठ्याचं: 70 टक्के पसंती गेली की ‘बहुतांशी चांगला’, 80 गेली की ‘खूप चांगला’. पसंती कशाला, बोट बांधण्याला की माणूस वाचवण्याला, हे त्या आकड्यातून कळायची सोय नाही.

बचावाचा भाग मुळात चांगला होता, हे शस्त्रांच्या बाजूचे लोकही नाकारत नाहीत. नकाशावर संकटाचा परिसर वर्तुळाने दिसतो, नेमकी जागा नाही. धुक्यात किंवा रात्री सर्चलाइटच्या झोताबाहेर काही दिसत नाही. संकटात सापडलेल्या जहाजावर ट्रान्सपाँडर (आपोआप रेडिओ संकेत देणारं यंत्र) असेल, तर तुमच्याकडचा शोधक ठरावीक वेळाने ‘पिप’ करतो. जवळ जाल तसा दोन पिपांमधला वेळ कमी होतो. यातून दिशा कळत नाही, फक्त किती लांब ते कळतं. मग खेळाडूंनी युक्ती काढली: एका जागी थांबून दोन पिपांमधला वेळ मोजायचा, त्यावरून निघणाऱ्या अंतराचं वर्तुळ नकाशावर काढायचं, बाजूला जाऊन दुसरं काढायचं. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात, तिसरं काढलं की खरी जागा उरते. हे काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम लोकांनी लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहून वाटले. तिसरं वर्तुळ काढताना पहिल्या दोन जागांच्या सरळ रेषेत राहिलात, तर मात्र दोन्ही छेदबिंदू तसेच राहतात आणि बोट हमखास चुकीच्या बाजूला जाते.

ट्रान्सपाँडर नसेल तेव्हा प्रत्यक्षातल्या शोधपद्धती कामाला येतात. वाढत्या चौकोनाची पद्धत सर्वांत सोपी: शेवटच्या माहीत जागेपासून एक टप्पा सरळ, उजवीकडे काटकोनात वळून एक टप्पा, मग दोन-दोन, मग तीन-तीन. टप्प्याची लांबी दृश्यमानतेवर ठरते. धुक्यात 200 मीटर दिसत असेल आणि टप्पा 500 चा ठेवला, तर मधली पट्टी न पाहताच राहते. खऱ्या बचाव समन्वय केंद्रांत शिकवलेली ही पद्धत गेममध्ये जशीच्या तशी चालते, आणि 2018 ते 2020 च्या कौतुकाच्या मतांमध्ये असले अनुभव भरलेले आहेत.

सप्टेंबर 2020 मध्ये गेम अर्धवट अवस्थेतून बाहेर पडून पूर्ण म्हणून जाहीर झाला. वर्षभराने, ऑक्टोबर 2021 मध्ये, ‘सर्च अँड डिस्ट्रॉय’ नावाची विकतची पुरवणी आली: मशिनगन, तोफा, रॉकेटं, क्षेपणास्त्रं, निरनिराळ्या प्रकारचा दारूगोळा. नावात ‘रेस्क्यू’ असलेल्या गेममध्ये.

समर्थकांचं म्हणणं धुडकावून लावण्यासारखं नाही. युद्धनौका लोक आधीपासून बांधतच होते. देखण्या, राखाडी, पण मुक्या. शस्त्रं नसताना जुगाड करून काहीबाही फेकायचे, ते गेमच्या भौतिकशास्त्रावर ताण देई आणि खेळ अडखळे. त्यापेक्षा नीट बनवलेली तोफ बरी. शिवाय पुरवणी ऐच्छिक आहे, नको असेल त्याने घेऊ नये. एकदाच विकलेल्या गेमवर वर्षानुवर्षं काम करायचं, तर पैसा कुठून तरी यायला हवा, हाही मुद्दा बिनतोड आहे.

घोडं पेंड खातं ते ‘ऐच्छिक’ या शब्दापाशी. पुरवणी विकत घेणं ऐच्छिक आहे, पण चमू तोच आणि त्याचे तासही तेवढेच. जे महिने तोफांच्या माऱ्यात गेले, ते बचाव मोहिमांत गेले नाहीत. मोहिमांचे प्रकार मोजके: समुद्रात पडलेला मच्छीमार, पाणी भरत असलेलं जहाज, आग लागलेला समुद्रातला तेलविहिरीचा फलाट, हरवलेला माल. जखमी माणूस उचलायचा, बोटीतल्या पलंगावर ठेवायचा, रुग्णालयात न्यायचा. शंभरेक मोहिमांनंतर प्रत्येक वळण पाठ होतं. वाचवलेली माणसं बोलत नाहीत, घाबरून उलट्या दिशेने पोहत नाहीत, स्वतःहून दोर धरत नाहीत. एका वेळी एकालाच उचलता येतं, म्हणून दहा जणांचं जहाज बुडत असेल तर ते नुसतं हमालीचं काम होऊन बसतं. या तक्रारी 2019 मध्येही होत्या. तेव्हा त्यांचा सूर ‘अजून काम चालू आहे’ असा समजुतीचा होता. 2021 नंतर त्याच तक्रारी ‘आता हे कधीच होणार नाही’ अशा कडवट झाल्या. गेममधल्या उणिवा जुन्याच राहिल्या, फक्त खेळाडूंची आशा गेली.

दुसरा परिणाम अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायच्या खेळांत दिसला. सामायिक सर्व्हरवर कुणी आग विझवायची बोट घेऊन पाणी मारतोय आणि लांबून दुसरा त्याच्यावर तोफ डागतोय, असे प्रकार सर्रास होऊ लागले. सर्व्हरच्या मालकाला वाहनांचं आणि खेळाडूंचं नुकसान बंद करता येतं. पण वाहनांचं नुकसान बंद केलं की टक्कर झाली तरी बोटीचा तळ फुटत नाही, म्हणजे बचावाची सगळी धास्तीच जाते. शस्त्रांपासून संरक्षण हवं असेल तर वादळाची भीतीही सोडायची, असा हा सौदा. चांगल्या सर्व्हरांनी मग नियम लिहून काढले: अमुक बेटाच्या भोवती गोळीबार नाही, शस्त्रं असलेलं वाहन परवानगीशिवाय आणायचं नाही. हे पाळून घ्यायला माणूस जागेवर बसलेला लागतो. तो झोपला की नियमही झोपतात.

तिसरी गोष्ट खेळाडूंनी बनवलेल्या बोटींच्या भांडाराची. नवखा माणूस आयती बचावबोट शोधायला जातो, आणि यादीत वर युद्धनौका आणि लढाऊ विमानं. मन लावून शोधलं तर उत्तम बचावबोटी आजही सापडतात, पण उतरवून घेण्याआधी ती शेवटची कधी सुधारली हे पाहावं लागतं. इंजिन आणि पाण्याच्या रोधाच्या गणितात वेळोवेळी बदल झाले आहेत. जुन्या बोटी त्या बदलांनंतर तापतात, मंदावतात किंवा डुलू लागतात. अशा बोटीवरून गेमला नावं ठेवणारीही बरीच मतं आहेत, आणि त्यांत चूक कुणाचीच नसते.

याउलट शस्त्रांनंतर आलेल्यांना यातलं काहीच खुपत नाही. त्यांच्या लेखी हा जहाजं आणि विमानं बांधून लढवायचा गेम आहे, आणि तसा तो अव्वल आहे. त्यांची मतं मनापासूनची आहेत. फक्त बचावाची अपेक्षा घेऊन आलेल्याने ती वाचून निर्णय घेऊ नये.

2022 च्या पुरवणीत तेल आणि खाणकाम आलं, 2023 च्या पुरवणीत अंतराळ. चंद्रावर जाता येऊ लागलं. समुद्रातला मच्छीमार होता तिथेच होता. या दोन्ही पुरवण्यांवर पहिल्याइतका गदारोळ झाला नाही. रागावणारे बरेचसे आधीच निघून गेले होते, आणि राहिलेल्यांना बांधायला नवं काहीतरी मिळाल्याचा आनंद होता.

बचावासाठी टिकून राहिलेल्यांनी आपली सोय स्वतः केली आहे. गेममध्येच ॲडऑन बनवायचं साधन आहे: नकाशावर जागा नेमायच्या, तिथे काय उभं राहील ते ठरवायचं आणि लुआमध्ये घटनाक्रम लिहायचा. यातून वाहत जाणारे तराफे, हळूहळू कलणारी प्रवासी जहाजं, साखळीने पसरणाऱ्या आगी अशा मोहिमा लोकांनी तयार केल्या. त्या चालू करताना मूळ मोहिमांचं ॲडऑन बंद करायचं. दोन्ही चालू राहिली तर दोघंही आपापली जहाजं समुद्रात उभी करत राहतात, सोडून दिलेल्या मोहिमांचे सांगाडे साचतात आणि तासाभरात खेळ मंदावतो. ॲडऑन जग सुरू करतानाच निवडावं लागतं. आणि निवडण्याआधी त्यातल्या बोटींना शस्त्रांची पुरवणी लागते का, हे वर्णनात पाहून घ्यायचं.