धिप्पाड म्हणजे ग्रॅपलर नव्हे: झांगीफ आणि मारिसा यांच्यातला फरक

फायटिंग गेममध्ये कॅरेक्टर निवडायच्या स्क्रीनवर जो सगळ्यात जास्त जागा अडवतो, त्याला सरसकट 'ग्रॅपलर' म्हणून मोकळं व्हायची सवय आपल्याकडे चांगलीच मुरली आहे. स्ट्रीट फायटर 6 मधल्या झांगीफ आणि मारिसाच्या बाबतीत तर हे हमखास होतं. दोघं धिप्पाड, दोघं संथ, दोघांचा एक फटका बसला की हेल्थची पट्टी सर्रकन खाली. मग कोणीतरी विचारतं, असला हेवीवेट घेऊन वरच्या रँकला टिकता येतं का? त्यावर एक म्हणतो आरामात, दुसरा म्हणतो वेळ वाया घालवू नकोस. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण एकाच्या डोळ्यासमोर झांगीफ असतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यासमोर मारिसा.

हेवीवेट म्हणजे शरीर: जास्त हेल्थ, मोठा देह, मंद चाल, जड हात. ग्रॅपलर म्हणजे हत्यार: ब्लॉक करता येत नाही आणि सोडवताही येत नाही अशी पकड, आणि त्या पकडीच्या भीतीभोवती रचलेला सगळा खेळ. झांगीफकडे दोन्ही आहे. 1991 च्या स्ट्रीट फायटर 2 पासून तो हेच करत आला आहे, त्यामुळे मोठं शरीर आणि मोठी पकड यांची जोडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली.

आधी शरीराचा हिशेब बघू, कारण तिथेच जास्त फसगत होते. स्ट्रीट फायटर 6 मध्ये बहुतेक कॅरेक्टरना 10,000 हेल्थ आहे. मारिसाला 10,500, झांगीफला 11,000. उलट टोकाला अकुमा, 9,000. झांगीफला मिळालेले जादा 1,000 ऐकायला भरपूर वाटतात, पण प्रत्यक्षात तो जेमतेम एका जड ठोशाचा ऐवज आहे. आणि त्याची किंमत मोजावी लागतेच. देह मोठा म्हणजे मार लागायची जागा मोठी. सडपातळ कॅरेक्टरला अंगठ्याएवढ्या अंतराने चुकणारी लाथ इथे बरोबर लागते. कोपऱ्यात अडकल्यावर हळू चालणाऱ्याला बाहेर पडायला जास्त चुका माफ व्हाव्या लागतात, आणि त्या होत नाहीत. म्हणून जादा हेल्थ ही मला ताकद वाटतच नाही. ती नुकसानभरपाई आहे, आणि बऱ्याचदा अपुरी.

मग हेवीवेटला स्पर्धेत उभं काय करतं? माझ्या मते बघायची गोष्ट एकच: त्याच्या नुसत्या जवळ येण्याने समोरच्याचे कोणते पर्याय बंद होतात?

झांगीफची स्क्रू पाइलड्रायव्हर ही पकड घ्या. स्टिक पूर्ण गोल फिरवून ठोशाचं बटण दाबायचं. त्या गोलात 'वर'ची दिशाही येते, म्हणजे हात जरा रेंगाळला की झांगीफ उडी मारतो आणि समोरचा त्याला हवेतून खाली उतरवतो. नवशिक्याचे पहिले कित्येक दिवस यातच जातात. मॉडर्न कंट्रोल या सोप्या पर्यायावर हीच पकड एका बटणावर मिळते, पण डॅमेज 20 टक्के कमी. पकडीचा पल्ला कोणतं बटण दाबलं त्यावर ठरतो: हलक्या ठोशाने लांबून पकडता येतं पण नुकसान कमी, जड ठोशाने अगदी चिकटूनच पण दणका मोठा.

आता समोरच्याच्या जागी बसा. झांगीफ एक पाऊल अंतरावर आहे. ब्लॉक केलात तर पकडले जाल. साधा थ्रो वेळेवर बटण दाबून सोडवता येतो, हा येत नाही. पॅरी, म्हणजे येणारे फटके पचवणारा बचाव, धरून ठेवलीत तर पकडीचं नुकसान उलट वाढतं. ड्राइव्ह इम्पॅक्ट, म्हणजे फटका झेलूनही न तुटणारा जड हल्ला, मारलात तर त्याचं हे चिलखत ठोसे पचवतं, पकड पचवत नाही. उरतं काय? उडी मारणं, मागे सटकणं किंवा आधीच मारून मोकळं होणं. आणि झांगीफ खेळणाऱ्याला हे सगळं माहीत असतं, त्यामुळे तो पकडायच्या ऐवजी नुसता थांबतो आणि तुमच्या उडीची वाट बघतो. कुस्तीत पट काढण्याची हूल दिली की समोरचा मल्ल पाय मागे घेतो आणि त्याची मान उघडी पडते, तसलाच हा मामला. पकड सामन्यात चारदाच लागते, पण बाकी सगळा वेळ तिच्या धाकाने चालतो.

त्याची अडचण जवळ पोहोचण्याची. जुन्या स्ट्रीट फायटरमध्ये गाइलसारखा कोणी लांबून सॉनिक बूम नावाचे फायरबॉल सोडत बसला की झांगीफचा जीव अर्धा व्हायचा. सहाव्या भागाने हे बरंच सोपं केलं. पॅरी सगळ्यांनाच मिळाली, त्यामुळे फायरबॉल अडवत पुढे सरकता येतं आणि वर ड्राइव्ह गेज, म्हणजे पॅरी, ड्राइव्ह इम्पॅक्ट वगैरेंवर खर्च होणारी पट्टी, तीही भरते. ड्राइव्ह रश या झटपट धावेमुळे संथ माणसालाही एकदम अंतर तोडता येतं. तरीही 2023 च्या जूनमध्ये गेम आला तेव्हा पुष्कळांनी त्याला टियर लिस्टमध्ये, म्हणजे कॅरेक्टरांच्या बळानुसारच्या क्रमवारीत, खालीच ठेवलं होतं. नंतरच्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या अपडेटमध्ये, त्याला बळ मिळालं आणि तो वर चढला.

मारिसाची गोष्ट जवळपास उलटी. इटलीची ही दागिने घडवणारी बाई. तिच्या हल्ल्यांना ग्लेडियस, फॅलँक्स, क्वाड्रिगा अशी प्राचीन युद्धांतली नावं. बटण दाबून धरलं की ग्लेडियसचा ठोसा आणखी जड होतो आणि मधला एखादा फटका अंगावर झेलून पूर्णही होतो. पहिल्या काही महिन्यांत तिची दहशत होती, कारण लोकांना आपण कधी मारायचं आणि कधी थांबायचं हे कळत नव्हतं. घाबरून बटण दाबलं की तिच्या चिलखतावर आपटायचं आणि पुढचा ठोसा तोंडावर घ्यायचा, हाच क्रम.

लोक थांबायला शिकले आणि तिची धार कमी झाली. तिच्या जवळ येण्याने समोरच्याचा ब्लॉक हा पर्याय बंद होत नाही, खरा घोळ तिथे आहे. तिच्याकडेही स्कूटम नावाच्या पवित्र्यातून निघणारी एक पकड आहे, पण तो पवित्रा आधी दिसतो, त्यामुळे झांगीफसारखा सतत धाक राहत नाही. साधा थ्रो सगळ्यांनाच असतो, तो सोडवताही येतो. म्हणजे शांतपणे बसून ब्लॉक करणारा खेळाडू मारिसासमोर बराच काळ तग धरतो, झांगीफसमोर धरत नाही.

तिच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. या गेममध्ये ब्लॉक करणं फुकट नाही. प्रत्येक अडवलेल्या फटक्यासोबत ड्राइव्ह गेज झिजतो आणि संपला की बर्नआउट. त्या अवस्थेत ब्लॉक करूनही स्पेशल हल्ल्यांनी हेल्थ जाते, कोपऱ्यात ड्राइव्ह इम्पॅक्ट बसला तर भोवळच येते. मारिसाचं खरं काम इथे आहे: माणसाला ब्लॉक करायला लावून त्याचा गेज रिकामा करणं. ज्यांना ती नुसती एका ठोशाची मालकीण वाटते ते तिला वाईट खेळतात. पण एवढं सगळं जमवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात जलद कॅरेक्टर दहा वेळा येऊन टोचून जातं.

दोघं समोरासमोर आले की फरक उघडाच पडतो. मारिसाचं चिलखत फटक्यांसाठी आहे आणि झांगीफची पकड त्याला विचारतही नाही. तिने जवळून ठोसा भरत राहणं म्हणजे स्वतःला त्याच्या हातात देणं. तिने लांब राहून त्याला येऊच न देणं शहाणपणाचं. म्हणजे जिला आपण अंगावर चालून जाणारी समजतो, तिला इथे अंतर राखून खेळावं लागतं.

ग्रॅपलर असायला वजन लागतच नाही, हे त्याच गेममधली मॅनन दाखवते. उंच, सडपातळ, बॅले आणि ज्युडोचं मिश्रण. तिची पकड जितक्या वेळा बसेल तितकी पदकं वाढतात, पाचव्या पदकापर्यंत नुकसान चढत जातं आणि ही पदकं पुढच्या राउंडलाही राहतात. टेकन या दुसऱ्या फायटिंग गेममधला जॅग्वार मुखवटेवाला किंगही काही अगडबंब नाही, तर जॅक प्रचंड असूनही पकडींवर जगत नाही. अर्थात टेकनमध्ये बहुतेक थ्रो योग्य बटण दाबून सोडवता येतात, त्यामुळे तिथली भीती वेगळ्या जातीची आहे.

गिल्टी गियर स्ट्राइव्ह या आणखी एका फायटिंग गेममध्ये या दोन जातींची आणखी स्वच्छ जोडी आहे. पोटेमकिन आणि नागोरियुकी, दोघांनाही धावता येत नाही. पोटेमकिन पकडीवर जगतो. नागोरियुकीकडे लांबलचक तलवार आहे, आणि फुक्यो नावाची सरक, जी हल्ल्यांच्या मधोमध लावता येते. किंमत म्हणून त्याचा रक्ताचा गेज भरत जातो आणि काठोकाठ भरला की त्याच्यावरच उलटतो. जड शरीराला पकड न देताही उभं करता येतं, पण मग पल्ला तरी भरपूर द्यावा लागतो, हे तिथल्या डिझायनरांनी अचूक ओळखलं. नागोरियुकीला सुरुवातीपासून वरच्या फळीत धरलं गेलं यात मला नवल वाटलं नाही.

टियर लिस्टमधली जागा आणि स्पर्धेत चालण्याजोगं असणं यांतही अंतर असतं. डॉमिनिकन रिपब्लिकच्या मेनाआरडी या खेळाडूने 2017 चा कॅपकॉम कप, म्हणजे स्ट्रीट फायटरची जागतिक स्पर्धा, स्ट्रीट फायटर 5 मधला बर्डी घेऊन जिंकला, अंतिम फेरीत जपानच्या टोकिडोला हरवून. बर्डी हा पोट सुटलेला दांडगा गडी, पण त्याच्या हातात साखळी आहे. साखळीने लांबून ओढायचं, जवळून पकडायचं, मधल्या अंतरावर डोक्याने धडक मारायची. म्हणजे वजनासोबत पल्लाही आणि पकडही. पुढच्याच वर्षी, 2018 च्या कॅपकॉम कपमध्ये गाचिकुनकडून हरून दुसरा आला तो इताबाशी झांगीफ. नावातच झांगीफ असलेल्या या जपानी खेळाडूने त्या काळात अबिगेललाही जवळ केलं होतं. अबिगेल म्हणजे त्या गेममधला सगळ्यात अवाढव्य देह, सर्वसाधारण 1,000 हेल्थच्या गेममध्ये 1,100 वाला. आयुष्यभर पकडीवर जगलेल्या माणसाला निव्वळ हेवीवेटकडे वळावंसं वाटलं, कारण त्या वेळी अबिगेलचा एक फटका लागला की निम्मा राउंड संपायचा. पुढे पॅच येतात, आकडे उतरतात. हेवीवेटचं बरंचसं बळ नुकसानाच्या आकड्यात असतं, आणि आकडा कमी करणं सोपं. ग्रॅपलरचा आकडा उतरवला तरी समोरच्याला उडी मारायची का ब्लॉक करायचं हा प्रश्न तसाच पडतो.

म्हणून आता कोणी नव्याने शिकताना यांपैकी एक निवडणार असेल तर माझं मत असं: खालच्या रँकमधून लवकर वर यायचं असेल तर मारिसा. तिथे लोक बटणं दाबतात आणि तिचं चिलखत त्यांना शिक्षा देतं. पण थांबणारे, मोजून खेळणारे लोक भेटू लागले की तिच्यासोबतची वाट चढणीची होते. झांगीफचं उलट. सुरुवातीला फायरबॉल खात खात हरावं लागतं, गोल फिरवताना उड्या पडतात, समोरचा पळत राहतो. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला सतत ब्लॉक करायला लावून दोघांचा एकेक तास सराव करून बघा. मारिसाने डमीचा गेज रिकामा करायला किती वेळ जातो आणि झांगीफने त्याला उचलायला किती, हे समोरच दिसेल. मग डमीला उडी मारायला लावा आणि झांगीफने त्याला हवेतून लॅरिएटने, म्हणजे हात पसरून घेतलेल्या गिरकीने, उतरवायचा सराव सुरू करा, कारण खऱ्या सामन्यात निम्मे गुण तिथूनच यायचे असतात.