मेघ-विभेदी प्रारूपे

वातावरणाचे चौकोनांत तुकडे पाडणारी जाळी इतकी बारीक आखणारी संगणकीय प्रारूपे, की गडगडाटी पावसाचे उंच ढग त्यांत गृहीत धरावे लागत नाहीत, ते हवेच्या गतीच्या समीकरणांतूनच तयार होतात. जाळीच्या चौकोनाची बाजू साधारण १ ते ४ किमी असते.

हवामानबदलाच्या अभ्यासातील नेहमीच्या जागतिक प्रारूपांत ही बाजू बहुधा ५० ते १०० किमी असते. ढगात वर चढणारा हवेचा झोत मात्र जेमतेम एक-दोन किमी रुंद. तो जाळीतून निसटतो. मग चौकोनातील सरासरी तापमान आणि बाष्प पाहून ढग किती, पाऊस किती, हे ठोकताळ्याच्या सूत्रांनी ठरवावे लागते. याला प्राचलीकरण म्हणतात. त्याचे दोष जुने आणि चिवट आहेत: जमिनीवर संध्याकाळी येणारा पाऊस प्रारूपात भर दुपारीच पडतो, रिमझिम वारेमाप होते आणि अतिवृष्टी मिळमिळीत उतरते.

मुंबईकरांना यातले गांभीर्य वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी नोंद झाली, कुलाब्याला फक्त ७३ मिमी. दोन्ही वेधशाळांत अंतर सुमारे २५ किमी. ५० किमीच्या जाळीत त्या एकाच चौकोनात येऊ शकतात, आणि मग दोघींच्या वाट्याला एकच आकडा येतो.

एकेका ढगाची त्रिमितीय प्रारूपे १९७० च्या दशकापासून आहेत. संपूर्ण पृथ्वीसाठी हा प्रयत्न प्रथम जपानने केला. तेथील ‘निकॅम’ प्रारूप ‘अर्थ सिम्युलेटर’ या महासंगणकावर ७ व ३.५ किमी जाळीने चालवून डिसेंबर २००६ मधील मॅडन-ज्युलियन आंदोलन (विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारी ढग-पावसाची मोठी लाट) साकारण्यात आले. ते काम २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मोसमी पावसाच्या जोराशी आणि खंडाशी निगडित असलेले हे आंदोलन जाड्या जाळीत नीट उमटत नसे, म्हणून या यशाचे मोल मोठे. पुढे अशा जागतिक प्रारूपांची तुलना करणाऱ्या ‘डायमंड’ प्रकल्पात ऑगस्ट २०१६ पासूनचे ४० दिवस नऊ प्रारूपांनी ५ किमीपेक्षा बारीक जाळीवर चालवून पाहिले.

अडचण गणनेच्या खर्चाची. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, काळाची पावलेही (गणना ज्या टप्प्यांनी पुढे सरकते ते) निम्मी करावी लागतात, म्हणजे काम किमान आठपट. त्यामुळे शंभर वर्षांचे हवामान अशा जाळीवर चालवणे अजून जड जाते. यातून मधली वाट निघाली: जाड्या जाळीच्या प्रत्येक चौकोनात एक छोटे मेघ-प्रारूप बसवायचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने (आयआयटीएम) मोसमी पावसासाठी ही पद्धत वापरली आहे. याच संस्थेची २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ६ किमी जाळीवर चालते. रोजच्या जागतिक अंदाजासाठी ही जाळी फार बारीक आहे, पण तिला मेघ-विभेदी म्हणणे घाईचे ठरेल. या मापावर ढग अर्धवटच पकडले जातात.

बारीक जाळीने सगळे सुटत नाही. समुद्रावरील बुटक्या, सपाट ढगांसाठी १०० मीटर किंवा त्याहून बारीक जाळी लागते, आणि तापमानवाढीच्या अंदाजातली मोठी अनिश्चितता याच ढगांमुळे आहे. शिवाय ढगातला थेंब असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. त्याचे वाढणे, गोठणे, दुसऱ्या थेंबात मिसळणे कोणत्याही जाळीवर सूत्रांनीच मांडावे लागते. ती सूत्रे तपासायला प्रत्यक्ष मोजमाप हवे. त्यासाठी आयआयटीएमने २००९ पासून ‘कायपीक्स’ मोहिमेत विमाने ढगांत नेली, तर महाबळेश्वरच्या मेघभौतिकी प्रयोगशाळेत डोंगराला टेकलेल्या पावसाळी ढगांचे थेंब जमिनीवरूनच मोजले जातात.